शिवेवरचा पलंग

"मी नदीच्या कुठल्या बाजूला राहते, ते मला लेखी हवंय," मिसेस प्रॉथरो म्हणाल्या.

मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या स्वयंपाकघरापासून वीस पावलांवर केलिन नदी वाहत होती. पलीकडच्या काठावर लानइथल गाव आणि त्याच्या चर्चचा बुटका मनोरा. अलीकडच्या काठावर पेंत्रे, म्हणजे आम्ही सगळे. यात लेखी द्यायचं काय?

"पेंत्रेच्या बाजूला," मी म्हटलं. "दिसतंय की."

"दिसतंय ते मलाही दिसतं. चष्मा लागलाय, अक्कल नाही गेलेली." त्यांनी ओवीला माझ्या कडेवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. "तुझा नवरा सांगत होता, तू तुमच्याकडे सरकारी मोजणी करायचीस. जमिनीची भांडणं मिटवायचीस."

"मिटवत नव्हते हो. मी नुसतं मोजून द्यायचे. भांडणं त्यानंतर सुरू व्हायची."

त्या हसल्या आणि हसता हसता त्यांना दम लागला. दम ओसरेपर्यंत त्या ओवीची बोटं एकेक करून उघडत राहिल्या.

सात वर्षं झाली त्याला. हेरंबला वेल्समधल्या त्या खेड्यात डॉक्टरची नोकरी मिळाली, म्हणून आम्ही तिथे गेलो होतो. ओवी पाच महिन्यांची होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या नेस्ट प्रॉथरो गावाबाहेर, दोलगाम नावाच्या दगडी घरात एकट्या राहायच्या. दोलगाम म्हणजे वाकडं कुरण. त्यांना मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी रोज बाबागाडी ढकलत नदीकाठाने तिथवर जायचे. त्या ओवीला सांभाळायच्या आणि मी अर्धा तास दोन्ही हात मोकळे ठेवून गरम चहा प्यायचे. ज्या बाईचं मूल पाच महिन्यांचं आहे तिला विचारा, ही केवढी चैन असते.

"मला मेल्यावर पलीकडे जायचंय," त्या म्हणाल्या. "लानइथलच्या चर्चच्या आवारात."

"पण मिस्टर प्रॉथरो तर इथे, चॅपलमागे..."

"हो. त्याच्या दगडावर माझंही नाव कोरून ठेवलंय. फक्त तारीख भरायची बाकी आहे." त्यांनी ओठ मुडपले. "पलीकडे जागा संपत आल्यात. ज्याचं घर लानइथलच्या शिवेत, त्यालाच जागा. मी दोनदा अर्ज केला. तिथल्या कारभाऱ्याने, एल्विन प्यूने, दोनदा परत पाठवला. मधे नदी आहे, म्हणे."

"पण पलीकडेच कशाला?"

"तू मोजणी मागणाऱ्यांना असं विचारायचीस? जमीन कशाला हवी म्हणून?"

खरंच, कधीच विचारत नव्हते.

संध्याकाळी हेरंबला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "तू यात पडू नकोस हं. पलीकडचे चर्चवाले, अलीकडचे चॅपलवाले, पंथ वेगळे, दोन्ही गावं वेगळी. दोनशे वर्षांची उणीदुणी आहेत इथे."

"शिरोळ तालुक्यात मी चार वर्षं याच्यातच होते ना?"

"तिथे तुला गाडी होती आणि शिपाई होता."

"आणि कडेवर ओवी नव्हती. आता तीही आहे सोबतीला."

तो हसला नाही. भात कालवत म्हणाला, "फार वेळ लावू नकोस एवढंच." मग आपण जास्त बोललो असं वाटून पाणी प्यायला उठला. पेशंटबद्दल घरात बोलायचं नाही हा त्याचा दंडक होता. पण मिसेस प्रॉथरोंनी मला आधीच सांगून टाकलं होतं: "तुझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. ख्रिसमसला काय करू म्हणून विचारलं, तर स्टेथोस्कोप पुसत बसला."

दुसऱ्या दिवशी मी दोलगामच्या मागच्या बाजूला गेले. इतके दिवस पुढच्या दारानेच जात-येत होते, मागे काय आहे हे कधी पाहिलंच नव्हतं. घराच्या परसापासून कुरणात एक खोलगट पट्टा गेला होता, कोयत्यासारखा वाकडा. बाकी सगळीकडे मेंढ्यांनी साफ कातरलेलं गवत आणि या पट्ट्यात मात्र कमरेएवढी लव्हाळी. पायाखाली मऊ. मी बाबागाडीशी उभी राहिले आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कृष्णाकाठी अशा जागा मी पायांनी ओळखायचे. लोक म्हणायचे, "बाई, इथनं नदी जायची आमच्या आज्याच्या वेळेला. मग तिनं कूस बदलली."

तालुक्याच्या गावी वाचनालयात जुना नकाशा मिळाला, अठराशे बेचाळीस सालचा. ग्रंथपाल बाईंनी ओवीला धरलं आणि मी टेबलावर ओणवी झाले. नदी घरापुढून जातच नव्हती. ती मागून, त्या कोयत्याच्या आकारातून वळसा घालत होती. दहा वर्षांनी मोठा पूर आला, नदीने वळणाची मान कापली आणि सरळ धावत सुटली. पुढे वीसेक वर्षांनी कुणा शेतकऱ्याने जुन्या पात्राच्या कडेवर घर बांधलं, अर्धं काठावर आणि अर्धं गाळात. म्हणजे नदी हलली होती. पण दोन गावांची शीव कुणी हलवल्याचा एकही कागद नव्हता. नंतरच्या नकाशेवाल्यांनी सोयीसाठी रेघ नव्या नदीवर ओढून दिली होती, एवढंच.

मी मिस्टर प्यूंना बोलावलं. लानइथलचे निवृत्त पोस्टमास्तर आणि वीस वर्षं चर्चचे कारभारी. अडुसष्ट वर्षांचे, ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेली. ते दारात उभं राहून बूट इतका वेळ पुसत होते की मिसेस प्रॉथरो आतून ओरडल्या, "पायपुसणं फाटलं तर भरून घेईन, एल्विन!"

"गुड मॉर्निंग, मिसेस प्रॉथरो," ते शांतपणे म्हणाले.

चर्चच्या मनोऱ्याचा कोपरा आणि जुन्या पुलाचा खांब, या दोन गोष्टी जुन्या नकाशातही होत्या आणि अजूनही होत्या. त्या धरून मी तीन दिवस मोजणी केली होती. आता ती घरात आणायची होती. मिस्टर प्यूंनी टेपचं एक टोक धरलं. स्वयंपाकघर पुढे, नदीकडे. ते निर्विवाद लानइथलच्या हद्दीत. कोळशाची खोली आणि संडास मागे, ते पेंत्रेत.

"म्हणजे साठ वर्षं मी जेवते एका गावात आणि जाते दुसऱ्या गावात?" मिसेस प्रॉथरो म्हणाल्या.

मिस्टर प्यूंच्या मिशीला काहीतरी झालं, पण त्यांनी ते लगेच दाबलं.

"आणि निजायची खोली?" त्यांनी विचारलं.

तिथेच घोडं अडलं होतं. निजायची खोली या दोहोंच्या मधे. तिथे जमीनही मागच्या अंगाला खचलेली होती. नकाशावरची शाईची रेघच एवढी जाड होती की प्रत्यक्षात ती नऊ फूट भरत होती. खोली दहा फुटांची. पलंग बरोबर शाईच्या पोटात.

"रेघ कुठून धरायची?" मिस्टर प्यू.

त्या क्षणी मी काहीही सांगू शकले असते. रेघेची मागची कड धरली असती, तर पलंग लानइथलमध्ये. तिथे दुसरं कुणी मोजणारं नव्हतं. मिसेस प्रॉथरो माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्या मांडीवर ओवी स्वतःचा पायमोजा चोखत होती.

"नाही सांगता येत," मी म्हटलं. "या खोलीपुरती शीव म्हणजे एक रेघ नाही, पट्टा आहे. ही खोली कुठल्या गावात, हे मी लिहून देऊ शकत नाही."

मिसेस प्रॉथरोंनी मान खाली घातली. मिस्टर प्यूंनी टेप नीट गुंडाळून माझ्या हातात दिली, टोपी चढवली आणि निघून गेले.

"खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं?" मिसेस प्रॉथरोंनी मला विचारलं. रागाने नाही.

"तुम्ही मला मोजायला सांगितलं होतं."

"हं. चूक माझीच."

तीन दिवसांनी मिस्टर प्यू परत आले. काखेत पिठाच्या पिशवीच्या कापडात बांधलेलं एक बाड. चर्चच्या कारभाऱ्यांचं दीडशे वर्षांपूर्वीचं दप्तर. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, चष्मा बदलला आणि वेल्श वाचत वाचत मला इंग्रजीत सांगू लागले. अठराशे एक्क्याऐंशी साल. याच घरात एक निराधार म्हातारा राहायचा. त्याला पोसायचं कुणी, यावर दोन्ही गावांचं वाजलं. लानइथलचे लोक सकाळी यायचे आणि त्याचा पलंग मागे ढकलून जायचे. दुपारी पेंत्रेवाले यायचे, पलंग पुढे ओढायचे.

"आणि म्हातारा?"

"तो पलंगावरच असायचा."

मिसेस प्रॉथरो इतक्या हसल्या की मला पाणी द्यावं लागलं.

"शेवटी दोन्ही गावांनी मिळून ठराव केला." मिस्टर प्यूंनी ओळीवर बोट ठेवलं. "'शीव घरातून जात असेल, तर ज्या गावात माणसाची उशी, त्या गावचा तो माणूस. चाळीस रात्री निजला पाहिजे.' हा ठराव पुढे कुणी रद्द केलेला नाही. मी शेवटपर्यंत बघितलं." त्यांनी बाड मिटलं. "स्वयंपाकघर आमच्याकडे आहे, असं मिसेस साठ्यांनी मोजून दिलेलं आहे. मी बाकी काही सुचवत नाही."

त्याच दिवशी दुपारी आम्ही पलंग हलवला. हेरंब दवाखान्यातून जेवणाच्या सुट्टीत आला. मिस्टर प्यू म्हणाले, मी साक्षीदार आहे, मी हात लावणार नाही. पण हेरंबने पलंग दाराच्या चौकटीत असा काही अडकवला की ना आत ना बाहेर. मिसेस प्रॉथरो म्हणाल्या, "डॉक्टर, बाळंतपणंही अशीच करता का?" तेव्हा मात्र मिस्टर प्यूंनी कोट काढून खुंटीला लावला आणि दुसरं टोक उचललं. पलंग चुलीच्या उबेला, भिंतीशी लागला. उशी नदीकडे. मिसेस प्रॉथरोंनी भांड्यांच्या कपाटावर खडूने पहिली रेघ ओढली.

"आज नाही," मिस्टर प्यू म्हणाले. "उद्या सकाळी. निजल्याशिवाय रात्र मोजायची नाही."

त्यांनी ती रेघ बाहीने पुसली.

मग रोज सकाळी मी पोचायच्या आत कपाटावर एक रेघ वाढलेली असायची. सहा, नऊ, पंधरा. शनिवारी मिस्टर प्यू येऊन रेघा मोजायचे आणि डायरीत लिहायचे. चहा घ्यायचे नाहीत. त्या मुद्दाम विचारायच्या, ते मुद्दाम नको म्हणायचे. ऑक्टोबर सरत चालला. ओवी बसायला शिकली, पलंगावर उशांच्या कोंदणात बसून ती मिसेस प्रॉथरोंच्या तोंडात बोटं घालायची. "मी तुझी मामगी," त्या तिला सांगायच्या. तिकडे आजीला मामगी म्हणतात. पण त्यांच्या घोट्यांवर सूज चढत होती. आता त्या उशांना टेकून, बसल्या बसल्याच झोपायच्या.

चोविसाव्या दिवशी हेरंब त्यांना तपासून आला आणि मला गाडीपाशी घेऊन गेला.

"यांना आजच्या आज हॉस्पिटलमध्ये हलवायला हवं. मी सांगितलं, तर म्हणतात सोळा राहिल्या. काय सोळा राहिल्या?"

"रात्री."

"तुमच्या त्या मोजणीपायी बाई जीव गमावेल, कळतंय का तुला?"

"तिथे गेल्या तर बऱ्या होतील?"

तो गाडीच्या किल्ल्या चाचपत राहिला. "बऱ्या नाही. थोडे दिवस जास्त. श्वास सुखाने घेतील. कदाचित."

"मग त्यांनाच ठरवू दे ना."

"त्यांनी ठरवलंय. मला वाटलं, तू समजावशील."

मी आत गेले. खरंच समजावायलाच गेले होते. मोजणी माझी होती, त्यामुळे पापही माझं, असं काहीतरी डोक्यात घोळत होतं. ओवी भुकेने रडत होती, म्हणून आधी तिला पाजायला घेतलं. मिसेस प्रॉथरो बघत होत्या.

"डाव्या बाजूला जास्त पिते का ग?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"मला डावीकडे जास्त यायचं." त्या थांबल्या. "आठवडाभर येत राहिलं. बांधून ठेवलं तरी. प्यायला कुणी नव्हतं."

चुलीवरच्या किटलीचं झाकण हलत होतं. मी उठले नाही.

"तेवीस वर्षांची होते मी. मुलगी. रडलीच नाही. बाप्तिस्मा नाही, नाव नाही, म्हणून चॅपलवाल्यांनी जागा नाकारली. मला दाखवलीसुद्धा नाही. बघितली की लळा लागेल, म्हणे." त्या कोरडं हसल्या. "पलीकडच्या चर्चच्या थडगी खणणाऱ्याला कळलं. तो आला, कुणाला न विचारता घेऊन गेला आणि तिथे कुठेतरी ठेवली. कुठे, ते माझ्या नवऱ्याला, इव्हानला माहीत होतं. तो म्हणाला, पुन्हा हा विषय नको. मी काढला नाही."

"कधीच?"

"इव्हान वाईट नव्हता ग. भ्याला होता. त्याच्याशेजारी मी सत्तेचाळीस वर्षं निजले, कारियाद. तिच्याशेजारी एक रात्रही नाही."

कारियाद म्हणजे बाळा, राणी, सगळंच. मी ओवीला दुसऱ्या बाजूला घेतलं, तेवढंच मला सुचलं.

"हे मिस्टर प्यूंना सांगितलं असतंत, तर त्यांनी पहिल्या अर्जालाच..."

"म्हणूनच नाही सांगितलं. दया येऊन जागा देईल तो. मला दया नको. मला हक्काने जायचंय. आवारात कुठेही चालेल, पण हक्काने." त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंड होता. "तूही नाही सांगायचंस. आणि हॉस्पिटल नाही."

मी बाहेर येऊन हेरंबला सांगितलं, त्या येणार नाहीत. त्या दिवसापासून तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी तिकडे जाऊ लागला. ऑक्सिजनचं यंत्र आणलं, नर्स ठरवली. पंचवीस. सत्तावीस. तिसाव्या दिवशी रेघ ओढायला त्यांचा हात पोचेना, तेव्हा मी खडू त्यांच्या बोटांत धरला आणि आम्ही दोघींनी मिळून ओढली.

एकतिसाव्या सकाळी मी पोचले तेव्हा हेरंब पायरीवर बसला होता. मला बघून त्याने नुसती मान हलवली. "पहाटे," तो म्हणाला. "नर्स होती जवळ. त्रास झाला नाही." मग माझ्याकडून ओवीला घेऊन तो नदीकडे चालत गेला.

मी आत गेले. त्यांच्या अंगावर पांढरी चादर नीट ओढलेली होती. कपाटावरचा खडू घेऊन मी एकतिसावी रेघ ओढली. निजलेली रात्र होती ती. मोजायलाच हवी होती.

मिस्टर प्यू तासाभरात आले. या वेळी त्यांनी बूट पुसले नाहीत. टोपी काढून पलंगापाशी उभे राहिले, मग खुर्ची ओढून टेबलाशी बसले. डायरी उघडली.

"किती?" त्यांनी विचारलं.

त्यांना कपाट दिसत होतं. तरी त्यांनी मला विचारलं. मी ओठांवर दुसरा आकडा आणून बघितला. तो बाहेर येईना.

"एकतीस," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

त्यांनी एकतीस लिहिलं. पेन उचललं नाही.

"अधिक अकरा," ते म्हणाले.

"अकरा?"

"एकसष्ट वर्षांपूर्वी. मार्चमध्ये." ते खाली बघूनच बोलत होते. "निजायच्या खोलीत गारठा फार, म्हणून पलंग इथे आणला होता. याच भिंतीला. माझी आई त्यांच्याजवळ बसायला आली, ती अकरा रात्री घरी आली नाही. मी सात वर्षांचा होतो. अकरा रात्री मी वडिलांच्या हातची लापशी खाल्ली. करपलेली. माणूस असली चव विसरत नाही, मिसेस साठे." त्यांनी खाली रेघ मारून बेरीज केली. "बेचाळीस. सलग हव्यात, असं ठरावात कुठेही म्हटलेलं नाही."

मी डोळे पुसले. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"घेऊन गेले ते माझे वडीलच. चर्चची थडगी तेच खणायचे." त्यांनी चष्मा काढून रुमालात धरला. "पण अर्जात कारण लिहायचा रकाना असतो. तो त्यांनी दोन्ही वेळा कोरा ठेवला. बाईने जे सांगितलं नाही, ते मी माहीत असल्यासारखं कसं दाखवणार?"

बाहेर हेरंबच्या खांद्यावर ओवी कसलातरी आवाज काढत होती, गाणं म्हटल्यासारखा.

"जागा कुठे देणार त्यांना?" मी विचारलं.

"उत्तरेच्या भिंतीलगत. ते बाळ कुठे आहे, ते वडिलांनी मला दाखवून ठेवलं होतं." त्यांनी डायरी मिटून खिशात ठेवली. "वीस वर्षांत ती शेजारची जागा पाच जणांनी मागितली. चांगली जागा आहे, ऊन येतं. मी प्रत्येकाला सांगितलं, तिथे खाली खडक लागतो म्हणून."

ते उठले. कोटाची बटणं एकेक करून लावली.

"खडक नाही तिथे," ते म्हणाले. "मऊ माती आहे."